खाशाबांना ७४ देणारे पत्ते: तीन तारे, तेही नातवंडांमुळे

तीन तारे देतेय. एक पत्त्यांवरच्या चित्रांना, एक डब्याला, आणि एक या पत्त्यांपायी आमच्या घरात महिनाभर जी भांडणं झाली त्यांना. आकड्यांना मात्र शून्य.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. चोपन्न पत्ते. प्रत्येकावर जगातला एक मोठा खेळाडू, खेळ कुठलाही, काळ कुठलाही. वर चित्र, खाली पाच रकाने: वेग, ताकद, टिकाव, कौशल्य आणि महानता. प्रत्येक रकान्यात शंभरपैकी आकडा. ज्याची पाळी त्याने एक रकाना पुकारायचा, बाकीच्यांनी आपापला वरचा पत्ता उघडायचा, आकडा मोठा असेल त्याने सगळ्यांचे पत्ते उचलायचे. किंमत ४४९ रुपये, घरपोच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना घ्यायचेत त्यांना ते सापडतीलच, आणि मला कुणाशी कागदोपत्री भांडायचं नाही. तेवढं वय आता राहिलं नाही.

मी कराडची. बत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्याआधी खो-खो खेळले. शाळेत असताना पोरं दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते लपवून आणायची आणि मी ते जप्त करायचे. वर्षाअखेरीला माझ्या टेबलाच्या खणात चार-पाच कॅट सहज निघायचे. पण त्या पत्त्यांवर उंची असायची, वजन असायचं, छाती असायची. खोटी का असेना, टेप लावून मोजण्यासारखी गोष्ट होती. महानता कुठल्या टेपने मोजली हे काही मला अजून समजलेलं नाही. डब्यातल्या चिटोऱ्यावर एकच ओळ आहे, तज्ज्ञांच्या समितीने सर्व निकष लक्षात घेऊन गुण दिले आहेत म्हणून. शाळेच्या स्नेहसंमेलनात परीक्षकांचा निकाल अंतिम राहील असं फळ्यावर लिहायचे, त्यातलाच प्रकार.

मे महिन्यात मुलीची दोन्ही मुलं पुण्याहून आली. सई चौदाची, अथर्व अकराचा. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, फोन मी संध्याकाळपर्यंत कपाटात ठेवते, मग राहिले पत्ते. आमचे हे चौथे भिडू. यांचं आयुष्य बँकेत गेलं आणि जीव क्रिकेटमध्ये.

पहिल्याच डावात सईने पुकारलं, महानता. तिच्या हातात मेस्सी, ९९. अथर्वकडे बोल्ट, ९८. यांच्याकडे ब्रॅडमन, ९३. हे तिथेच हलले, पण पाहुण्या मुलांसमोर काही बोलले नाहीत. मी माझा पत्ता उलटला. खाशाबा जाधव. महानता ७४.

सईने चारही पत्ते ओढले. अथर्व मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "आज्जी, हा अख्ख्या कॅटमधला सगळ्यात हलका पत्ता आहे. तू याला खालीच ठेवत जा."

कराडात बसून हे ऐकायचं म्हणजे! खाशाबांचं गाव गोळेश्वर आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन खाशाबा परत आले तेव्हा स्टेशनापासून गावापर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्या होत्या, आणि त्यातल्या एका गाडीत आमचे सासरे कासरा धरून होते. एरवी पाऊण तासात जाणारी बैलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाटेतच होती, असं ते सांगायचे. आमच्या लग्नानंतर निदान चाळीस वेळा तरी सांगितलं असेल.

डाव थांबला. पत्ते उताणे टाकून मी पोरांना सगळं सांगितलं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्यांना सवयच नव्हती, सगळी कुस्ती लाल मातीतली. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी पुन्हा जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी पाडलं. मग जपानच्या इशीकडून हरले, आणि ती दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच रशियाच्या पैलवानासमोर उभं राहायला सांगितलं गेलं, असं सांगतात. विश्रांतीसाठी भांडायला सोबत कुणी अधिकारी नव्हता. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं.

"मग ७४ का?" अथर्वने विचारलं.

मी म्हटलं, समितीला विचार. गहाणखताचा रकाना त्यांच्याकडे नसेल.

वर पत्त्याच्या मागच्या बाजूला छापलंय, 'ग्रीको-रोमन कुस्ती'. चूक. खाशाबा फ्रीस्टाइल लढले, बँटमवेट गटात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायची बंदी असते. आमच्याकडच्या मल्लाला हे सांगितलं तर तो निम्मे डाव विसरून आखाड्याबाहेर येईल. मी कंपनीला रीतसर ईमेल केला, पत्त्याचा फोटो जोडून. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. चुकीबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या दिवशी वेगाचा रकाना निघाला. बोल्टला वेग १००, जेसी ओवेन्सला ८६. अथर्वच्या मते हे तरी बरोबर, कारण वेग मोजता येतो. ओवेन्स १०.३ सेकंदांत शंभर मीटर पळाला, बोल्ट ९.५८ मध्ये. आकडे समोर आहेत, वाद कसला?

योगायोग असा की दोन्ही धावा एकाच स्टेडियममधल्या. बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम. ओवेन्स १९३६ च्या ऑगस्टमध्ये, बोल्ट २००९ च्या ऑगस्टमध्ये. इमारत तीच, पण पायाखालची जमीन निराळी. ओवेन्सच्या वेळी ट्रॅक राखेचा होता, जळक्या कोळशाच्या भुग्याचा. सुरुवातीला पाय रोवायला ब्लॉक नव्हते. प्रत्येक जण छोटं खुरपं घेऊन यायचा आणि आपल्या पावलांच्या मापाचे दोन खड्डे स्वतः खणायचा. बोल्टच्या वेळी निळा सिंथेटिक ट्रॅक आणि मागे रेटून उभं राहायला ब्लॉक.

हे तोंडी सांगून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, हे मला बत्तीस वर्षांनी कळलंय. सकाळी सहाला दोघांना घेऊन ओळखीच्या शाळेच्या मैदानावर गेले. बागेतलं खुरपं घेतलं, जुनं स्टॉपवॉच घेतलं. मैदानाच्या कडेला वळवाच्या पावसाने भुसभुशीत झालेली पट्टी होती. साठ मीटर पावलांनी मोजले. अथर्वला म्हटलं, खण आता. त्याने आधी दोन्ही खड्डे एकाच ओळीत खणले. मग मी त्याला बसवलं, पुढचा पाय कुठे, मागचा कुठे, ते दाखवलं. दुसऱ्या वेळी खड्डा इतका खोल खणला की पाऊल अडकलं आणि पहिल्याच ढांगेला स्वारी आडवी. तिसऱ्या वेळी जमलं. १०.९ सेकंद. मग गेटासमोरच्या डांबरी रस्त्यावर तेच अंतर, तेच बूट, मागे माझी चप्पल आडवी लावून टेकू दिलेला. १०.१.

आठ दशांश सेकंद. साठ मीटरला. पोरगा तोच, एका तासाच्या आत.

घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "म्हणजे ओवेन्सला चांगला रस्ता दिला असता तर?" मी काही बोलले नाही. गुडघ्याला माती लागलेली, ती तशीच राहू दिली.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही पत्त्यांवर सहावा रकाना काढला. नाव ठेवलं 'अंतर'. नियम सोपा. दोन वेगळ्या काळांतल्या माणसांना समोरासमोर उभं करायचंच नाही. प्रत्येकाला त्याच्याच काळात, त्याच्याच खेळात बघायचं, आणि त्याच्या मागचा दुसरा माणूस किती लांब राहिला एवढंच मोजायचं. राख सगळ्यांनाच राख होती, खड्डे सगळ्यांनीच खणले होते.

(पत्त्यांचा कागद इतका गुळगुळीत आहे की पेन्सिल चालत नाही आणि बॉलपेन घसरतं. यांचं परमनंट मार्कर वापरावं लागलं. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

यांना हा नियम फारच आवडला, कारण ब्रॅडमन. कसोटीची सरासरी ९९.९४. कसोटीत बऱ्यापैकी डाव खेळलेल्यांत त्याच्यामागचे सगळे साठ-एकसष्टच्या आसपास दाटीवाटीने उभे: पोलॉक, हेडली, सटक्लिफ. मधली सगळी जागा रिकामी. हे कॅल्क्युलेटर घेऊनच बसले. दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. "शंभर मीटर धावण्यात असं झालं असतं तर तो माणूस सहा सेकंदांत पोचला असता," असं म्हणून यांनी ब्रॅडमनच्या ९३ वर जाड काट मारली. बँकेत असताना चुकीच्या व्हाउचरवर मारायचे तशी.

मग त्यांना हळूच आठवलं की प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सरासरीत ब्रॅडमनच्या ९५ नंतरचं नाव आपल्या मुंबईच्या विजय मर्चंट यांचं आहे, ७१.६४. कसोट्या मिळाल्या अवघ्या दहा, अठरा वर्षांत. मधे महायुद्ध. कॅटमध्ये मर्चंट नाहीत. यांचा चहा त्या दिवशी गारच झाला.

वेन ग्रेट्झकी कोण हे आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, बर्फावरच्या हॉकीशी आपला संबंध काय! सईने शोधून काढलं. त्या खेळात गोल मारला तर एक गुण आणि दुसऱ्याला गोल मारायला पास दिला तर तोही एक गुण. ग्रेट्झकीचे एकूण २८५७. दुसऱ्या क्रमांकावर यागर, १९२१. आणि गंमत ही की ग्रेट्झकीने आयुष्यात एकही गोल मारला नसता, नुसते पास दिले असते, तरी ते १९६३ भरतात. म्हणजे तरीही तोच पहिला. पत्त्यावर महानता ८८. सईने त्याला मार्करने मुकुट काढून दिला.

बॉब बीमनची उडी मी स्वतः मोजून दाखवली. १९६८, मेक्सिको सिटी. लांब उडीचा विक्रम त्याआधी ८.३५ मीटर होता, तो इंच-इंच करत पुढे सरकत आलेला. हा ८.९० वर जाऊन पडला. मोजायचं यंत्र रुळावर पुढे सरकायचं, ते तिथवर पोचेना. शेवटी टेप आणावी लागली. हॉलमध्ये मी फरशीवर खडूने ८.३५ ची रेघ मारायला गेले तर हॉलच संपला, रेघ स्वयंपाकघरात गेली. ८.९० ओट्याखाली, सिलिंडरपाशी. दोन रेघांत पंचावन्न सेंटिमीटर, म्हणजे माझं पोळपाट दोनदा शेजारी-शेजारी ठेवा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, हवा विरळ, पाठीशी वारा नियमात बसेल तेवढा पुरेपूर. हे सगळं खरं. पण त्याच हवेत त्या दिवशी बाकीच्यांनीही उड्या मारल्याच की.

इथवर माझा रकाना अगदी झोकात चालला होता. मग बोल्टचा पत्ता आला.

९.५८. त्याच्यामागे गे आणि ब्लेक, दोघांचं सर्वोत्तम ९.६९. अंतर ०.११ सेकंद. यांनी कॅल्क्युलेटर दाबला: एक टक्का आणि वर थोडं. बीमन साडेसहा टक्के, ब्रॅडमन साठाच्या वर. आमच्या रकान्यात बोल्ट थेट तळाला गेला.

अथर्व ताडकन उठला. डोळ्यांत पाणी. जाऊन पंख्याखाली पालथा पडला. जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. मला वाटलं आवडीच्या खेळाडूसाठी रुसलाय, येईल. पाऊण तासाने आला, आणि जे बोलला त्याने मला गप्प केलं.

"आज्जी, धावत कोण नाही? जगातला प्रत्येक मुलगा कधीतरी पळतोच. मग दुसरा जवळ असणारच ना. बर्फावरची हॉकी किती देश खेळतात? ब्रॅडमन किती देशांशी खेळला?"

यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण उत्तर त्यांना पाठ होतं. बावन्न कसोट्या. त्यातल्या सदतीस एकट्या इंग्लंडशी. बाकी वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका आणि आपण, प्रत्येकी पाच. आपल्याविरुद्ध १९४७-४८ मध्ये सरासरी १७८.७५. नुकतीच फाळणी झालेली, संघातले काही मोठे खेळाडू गेलेच नव्हते, आणि समोर हा.

म्हणजे माझा रकानाही पुरता नाही. जिथे गर्दी कमी तिथे पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर पडायला जागा जास्त. शिवाय शंभर मीटरला माणसाच्या पायांचीच एक हद्द आहे. दोघं त्या हद्दीला टेकले की मधे उरतं किती? धावांच्या सरासरीला असं छप्पर नाही. हे मी शाळेत शिकवलं असतं तर एखादी हुशार मुलगी अशीच उठून म्हणाली असती, आणि मी तिला तास संपल्यावर भेट म्हटलं असतं. अथर्वला त्या दिवशी आमरसाची दुसरी वाटी मिळाली.

रकाना आम्ही खोडला नाही. त्याच्या शेजारी सातवा काढला, 'गर्दी'. त्यात आकडा नाही, नुसतं 'फार', 'बरी' किंवा 'कमी' लिहायचं. पत्त्यांवर आता चित्र कमी आणि मार्कर जास्त झालाय.

सईचा मुद्दा वेगळाच होता. तिने सगळा कॅट एकदा शांतपणे पालथा घातला आणि सांगितलं की चोपन्नात बायका नऊ. हे मी मोजलं नव्हतं. लाज वाटली. फॅनी ब्लँकर्स-कोन हिचा पत्ता तिने माझ्यापुढे धरला. हॉलंडची धावपटू, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला चार सुवर्णपदकं. मागच्या बाजूला पहिलं वाक्य: 'दोन मुलांची आई असूनही...'

"आज्जी, पुरुषांच्या एकाही पत्त्यावर 'दोन मुलांचा बाप असूनही' लिहिलेलं नाही. मी सगळे पाहिले."

तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तिला उडती गृहिणी म्हटलं होतं, तीच री पत्तेवाल्यांनी ओढली. खरं लिहिण्यासारखं कितीतरी होतं. १९३६ मध्ये अठरा वर्षांची असताना ती बर्लिनला गेली होती, तिथे तिने ओवेन्सची सही घेतली. पुढची दोन ऑलिम्पिक, १९४० आणि १९४४ ची, युद्धाने गिळली. बावीस ते सव्वीस ही धावणाऱ्या बाईची ऐन वर्षं. ती तिशीत परत आली आणि चार शर्यती जिंकल्या. उंच उडी आणि लांब उडी या दोन्हींचे जागतिक विक्रम त्या वेळी तिच्याच नावावर होते, पण त्यांत ती उतरलीच नाही. महानता ८१. न झालेल्या दोन ऑलिम्पिकचे गुण कुठल्या समितीने कसे द्यायचे?

आणि हीदर मॅके कॅटमध्ये नाहीच. स्क्वॉश खेळणारी ऑस्ट्रेलियन बाई. ब्रिटिश ओपन १९६२ पासून १९७७ पर्यंत ओळीने सोळा वेळा. अख्ख्या कारकिर्दीत हरलेले सामने दोन. दोन! 'गर्दी' मध्ये 'कमी' लिहा हवं तर, मी भांडणार नाही. पण बाईला पत्ता तरी द्या.

बाकीचं भराभर सांगते. टेनिसमध्ये रॉड लेव्हरपुढे ग्रँड स्लॅम ११ आणि जोकोविचपुढे २४ लिहिलंय, त्यावरून महानतेत तेरा गुणांचा फरक. लेव्हर व्यावसायिक झाला म्हणून १९६३ ते १९६७ अशी पाच वर्षं त्याला त्या स्पर्धांचं दारच बंद होतं, ते कुठे नाही. त्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा त्याने वर्षातल्या चारही स्पर्धा जिंकल्या, तेही नाही. पदकांच्या मोजणीत फेल्प्स २३ सुवर्णपदकांसह वर असणारच, मोठाच माणूस, पण पोहणाऱ्याला एका ऑलिम्पिकमध्ये आठ शर्यती खेळता येतात. पैलवानाला वजन एक, पदक एक. रशियाचा पैलवान कारेलिन तेरा वर्षं हरला नाही आणि त्याच्या खात्यात सुवर्ण तीनच. ध्यानचंद यांचा पत्ता बरा जमलाय, १९२८, १९३२ आणि १९३६ ही तिन्ही सुवर्णं आहेत, पण हॉकीस्टिक डाव्या हाताने धरल्यासारखी काढलीय. चित्र उलटं छापलं असणार.

खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांतलं कुणीही नाही. जागतिक म्हणजे काय, हा प्रश्न विचारायचा तर आइस हॉकीलाही विचारा. मी स्वतःच्या खेळासाठी हट्ट धरत नाही, तरी आठ जणी बसलेल्या ओळीतून पळणाऱ्या पोरीला कौशल्याच्या रकान्यात किती मिळाले असते, ते बघायची हौस होती.

मग आम्ही आमचेच पत्ते केले. घरात जुन्या लग्नपत्रिका ढिगाने, जाड कागदाच्या. एक पत्ता हीदर मॅकेचा, एक मर्चंटांचा. तिसरा यांच्या हट्टाखातर: भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूर.

ही गोष्ट मलाही पूर्ण माहीत नव्हती. १९४८ चा डिसेंबर, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम नाबाद ४५२. आणखी दहा धावा काढल्या की जगात पहिला. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकूरसाहेब. त्यांना आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम लिहिला जायला नको होता. पुढे खेळायलाच त्यांनी नकार दिला आणि संघ सामान आवरून स्टेशनवर गेला. निंबाळकर पॅड बांधून तसेच राहिले. प्रथम श्रेणीत कुठल्याही भारतीयाची तेवढी खेळी आजही दुसरी नाही, आणि या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही.

सईने चित्र काढलं. फेटा नको, टोपी हवी, यावर दहा मिनिटं गेली. अथर्वने रकाने आखले आणि विचारलं, "महानता किती टाकू?"

कुणी काही सुचवलं नाही. शेवटी कोरा ठेवला. त्यातून घरचा एक नियम निघाला: कोरा पत्ता ज्याच्या हातात येईल त्याने एका मिनिटात त्या खेळाडूची बाजू मांडायची, ज्याच्याशी गाठ पडली त्याने त्याच्या खेळाडूची मांडायची, आणि उरलेल्या दोघांनी हात कुणाचा ते ठरवायचं. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही पत्ते मधे पडून राहायचे. दोन दिवसांत पोरांनी खाशाबांचा ७४ मार्करने काळा केला. मग ब्लँकर्स-कोनचा. मग एकेक करत जवळजवळ सगळे. आता एक डाव संपायला दोन तास लागतात आणि मधे एकदा तरी कुणीतरी कपाटातून फोन मागतं, एखादं वर्ष तपासायला.

तर घ्यायचे का? पत्ते टिकाऊ आहेत, महिनाभर कुटूनही कोपरे शाबूत. चित्रं चांगली, बोल्टचं तर फारच. पत्र्याचा डबा दणकट, झाकण घट्ट. रिकामा झाल्यावर त्यात सुपारी ठेवता येईल. आठ वर्षांखालच्या मुलांना मागचा मजकूर वाचता येणार नाही, अक्षर मुंगीएवढं, मला भिंग लागलं. सूट असताना साडेतीनशेच्या आत मिळाले तर घ्या. सोबत काळं मार्कर घ्या.

पोरं जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला गेली, डबा घेऊन. सत्तावन्न पत्ते झाल्याने झाकण बसत नव्हतं, यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून वर चढवून दिलं. परवा अथर्वचा फोन आला. सोसायटीतली मुलं म्हणतात, निंबाळकरांचा पत्ता छापील नाही, चालणार नाही.

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलं, एक मिनिट बोलू द्या, मग ठरवा."

"मग?"

"तिघं होते. दोघांनी निंबाळकरांना दिला हात. तिसऱ्याकडे मेस्सी होता, तो घरी निघून गेला."

मागून हे ओरडले, "ठाकूरसाहेब!" आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.